मागच्या बाकापर्यंत

जानेवारी सरत आला की परभणीच्या बसस्थानकावर त्या दिसू लागतात. एकाच रंगाच्या साड्या, खांद्याला पिशवी, काखेत तक्त्यांची गुंडाळी आणि ओठातल्या ओठात चाललेलं पाठांतर. परवा जिंतूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर अशीच एक मुलगी भिंतीकडं तोंड करून विचारत होती, "बरं मुलांनो, पाऊस पडण्याआधी आकाशात काय दिसतं?" भिंत काही बोलली नाही, पण माझ्याच तोंडून निघून गेलं, "ढग, बाई!" ती दचकली, मग हसली आणि मग बिचारी इतकी लाजली की तिनं तक्ताच चेहऱ्यापुढं धरला. मी म्हटलं, "चालू द्या, चालू द्या. आमच्या घरीही एक जण बी.एड. झालेली आहे."

तसं बघितलं तर आमच्या घरी एक जण बी.एड. झाली असं म्हणणं तितकंसं खरं नाही. त्या एका हिवाळ्यात आमचं अख्खं घरच बी.एड. करत होतं. घर म्हणजे तरी किती, माझे वडील, मी आणि सुमन. माय जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिंतूरच्या अलीकडं, परभणी रस्त्याला आमचं गाव. मी जिंतूरला तहसिलीत कारकून होतो आणि सायकलीवर जाऊन-येऊन करायचो. बाबा आमचं थोडंसं रान बघायचे. सुमनचं माहेर चारठाण्याकडचं. बी.ए. होऊनच ती आमच्या घरात आली होती आणि आल्यापासून चुलीपुढं बसली होती.

तिला बी.एड.ला घालायचं हे बाबांनीच ठरवलं. ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून बाबा कितीदा मोर्च्याला गेले, एकदा तुरुंगातही बसून आले. त्या वर्षांत आमच्या वस्तीनं काय काय सोसलं ते सांगायचं हे ठिकाण नाही, पण त्याचा घोर घरातल्या प्रत्येक भाकरीला लागलेला असायचा. एका सकाळी बाबा तोंड धुता धुता मला म्हणाले, "नाव मिळंल तवा मिळंल. तवर आपल्या घरातलं एक मानूस तरी त्या विद्यापीठाचं शिकून मोठं झालं पायजे. तू काय आता होत न्हाईस. सांग तिला, फारम भर म्हनावं."

सुमन तिथंच, दोन हातांवर, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पण "सांग तिला" हे मलाच सांगितलं जायचं. सासरा आणि सून एकमेकांशी समोरासमोर बोलत नसत; आमच्याकडं ती रीतच होती. बाबा म्हणायचे, "तिला म्हनावं, कालवनात मीठ कमी हाय." ती हलक्या आवाजात मला म्हणायची, "त्यांना सांगा, आणते." आणि दोघांनाही एकमेकांचं ऐकू आलेलं असूनही मी मधे बसून आपला निरोप्याचं काम करायचो. टपालखात्यात लागलो असतो तर बढती मिळाली असती.

तर ती परभणीला, त्याच विद्यापीठाच्या बी.एड. कॉलेजात गेली. चारठाण्याच्याच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहिली. इकडं बाबा आणि मी आळीपाळीनं भाकरी थापू लागलो. बाबांच्या भाकरी बऱ्या व्हायच्या. माझ्या भाकरीबद्दल बाबा एवढंच म्हणायचे, "बैलापुढं ठिवून बघ." दर शनिवारी दुपारच्या गाडीनं सुमन यायची. पांढरी साडी, निळी किनार, बोटांना तक्त्यांचे रंग आणि केसांत एसटीची धूळ. तिच्या पिशवीतून आधी गुंडाळीफळा बाहेर निघायचा, मग पृथ्वीचा गोल. तो उंबऱ्यात ठेवला की बाबा येता-जाता त्याला बोटानं एक गरका द्यायचे. आपलं गाव त्यात कुठं असेल ते शोधायचे, पण हे मी बघितलंय हे त्यांना कळू द्यायचो नाही.

दिवाळी झाली आणि सराव पाठ सुरू झाले. बी.एड.चे विद्यार्थी गावातल्या एका शाळेत जाऊन खऱ्याखुऱ्या वर्गाला शिकवायचे आणि त्यांचे सर मागच्या बाकावर बसून शेरे लिहायचे. पाठ सुरू करायचीही एक ठरलेली पद्धत होती. आजचा विषय बाईंनी स्वतः सांगायचा नाही. असे प्रश्न विचारत जायचं की पोरांच्याच तोंडून तो विषय निघावा, आणि मग जणू आत्ताच सुचलं अशा चेहऱ्यानं फळ्यावर लिहायचा. पण त्या शाळेतली पोरं वर्षानुवर्षं असे पाठ ऐकून तयार झालेली. सुमननं पहिल्याच पाठाला विचारलं, "मुलांनो, सकाळी सूर्य कुठं दिसतो?" तर एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, तुमाला परिवलन म्हनायचंय ना? म्हना की." हे सांगताना सुमन इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. अर्थात तेही तोंडाला पदर लावून, कारण बाबा ओसरीत होते.

हसता हसता ती थांबली आणि मग तिनं सरांचा शेरा सांगितला. टाचण उत्तम, अक्षर उत्तम, तक्ते उत्तम. आवाज पोचत नाही.

पुढच्या शनिवारी तोच शेरा. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच. सर भले माणूस होते. तिला बाजूला बोलावून म्हणाले, "अहो, मागं बसून मला मुका सिनेमा बघितल्यासारखं होतंय. वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येतील. तेही मागंच बसतात. त्यांना ऐकूच आलं नाही तर ते गुण कशाचे देतील?" वार्षिक पाठात नापास म्हणजे सगळं वर्ष पाण्यात, आणि दुसरं वर्ष आम्हाला झेपणारं नव्हतं. एवढ्या वर्षांत एवढ्या मुश्किलीनं ती उंबऱ्याबाहेर पडली होती. आता एका आवाजापायी परत चुलीपुढं येऊन बसायची वेळ आली होती.

मी तिला गोठ्यामागं नेलं आणि म्हटलं, "ओरड." ती म्हणाली, "काय ओरडू?" मी म्हटलं, "काहीही." तिनं तोंड उघडलं, मिटलं, ओसरीकडं बघितलं. मग खाली बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "आवाज हाय हो मला. पन वर याया लागला की कुनीतरी हात धरल्यागत होतंय." तिचा हात कुणी धरला होता ते मला त्या दिवशी कळलं नाही, मी नुसतं ऐकून घेतलं. पुढं आमच्या मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली, तिला बघायला आलेल्यांनी "पोरगी जरा मोठ्यानं बोलते" म्हणून कुजबुज केली, तेव्हा मला ते नीट कळलं. बाईनं हळू बोलावं असं कुठल्या घरात कुणी लिहून लावत नाही. आईचा आवाज, आजीचा आवाज, शेजारणीचा आवाज ऐकत ऐकत पोरीचा आवाज आपोआप तेवढाच होतो. बाबांनी तिला एका शब्दानं कधी दटावलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

आणि बाबांचा स्वतःचा आवाज कसा होता! मोर्च्यात त्यांनी घोषणा दिली की पार शेवटच्या रांगेतून जबाब यायचा. जयभीम घातला तर रस्त्यापलीकडची म्हैस मान वर करायची. त्या माणसाच्या घरात सुनेचा आवाज चुलीपासून उंबऱ्यापर्यंत येत नव्हता. हे त्यांच्या कधी ध्यानात आलं असेल की नाही, मला माहीत नाही. मी मात्र शेऱ्याची गोष्ट त्यांच्या कानावर घातली.

ते ओसरीच्या कडेला येऊन बसले. मग म्हणाले, "इचार तिला, त्यो मास्तर बसतो तरी कुठं?" मी म्हटलं, "मागच्या बाकावर." म्हणाले, "किती लांब?" मी ओसरीपासून गोठा दाखवला. "येवढंच?" असं म्हणून ते उठून रानात गेले.

त्यातच एका शनिवारी नावावरून बंद झाला. एसट्या उभ्या राहिल्या. सुमन येणार नाही हे सकाळीच ठरलेलं होतं. तरी दुपारी बाबा फाट्यावर जाऊन बसले आणि दिवस कलल्यावर परत आले. म्हणाले, "गाडी न्हाई आली." मी म्हटलं, "बाबा, बंद आहे. तुम्हीच तर काल वस्तीत सांगत हिंडत होता." ते पायावर पाणी घेत म्हणाले, "म्हाईत हाय मला." त्या संध्याकाळी भाकरी करायची पाळी माझी होती. जशी झाली तशी त्यांनी मुकाट खाल्ली, बैलाचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात ज्वारी हुरड्यात आली. ज्यानं जानेवारीतलं आमच्याकडचं ज्वारीचं रान बघितलं असेल त्याला वेगळं सांगायला नको. सकाळी धुकं उतरतं, कणसांवर दव असतं, बांधावर कुणीतरी हुरडा भाजत असतं आणि त्या वासानं माणूस जेवून आला असला तरी पुन्हा बसतो. पण माणसाआधी पाखरं बसतात. चिमण्या, साळुंक्या, राघू. म्हणून चार बल्ल्यांवर माळा बांधायचा आणि त्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवायची, हाका मारायच्या. पाखरं राखणं म्हणजे हेच.

शनिवारी सुमन आली. बाबा मला म्हणाले, "सांग तिला, उद्या पाखरं तिनं राखायची." मला रागच आला. आठवड्यातून एक दिवस घरी येते पोर, आणि तिला माळ्यावर चढवायचं? मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आन तोंडानं राखायची म्हनावं. गोफन मी देनार न्हाई."

सकाळी ती माळ्यावर चढली. बाबा रानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि बांधावरच्या बाभळीखाली तिच्याकडं पाठ करून बसले. मला मधे उभं केलं होतं. जाताना म्हणाले होते, "माझं त्वांड तिकडं आसंल. मान खाली घालायची गरज न्हाई तिला. पाठ घे म्हनावं पाखरांचा. मला ऐकू आल्याबिगर मी काय जेवायला उठत न्हाई."

पहिल्यांदा काहीच आलं नाही. ती नुसती उभी. वारा, ज्वारीची सळसळ आणि निवांत दाणे टिपणाऱ्या चिमण्या. बाबा मागं न बघता म्हणाले, "पाखरं जेवायलीत." मी तिला सांगितलं, "पाखरं जेवायलीत." मग एक बारीकसा "हाऽ" आला. मग जरा मोठा. एक साळुंकी उडाली. एका पाखरानं का होईना आपलं ऐकलं याचा तिला काय आनंद झाला असेल! पुढची हाक तिच्या पोटातून आली. "हाऽऽ हाऽऽ हुर्रऽऽ!" आणि चिमण्यांचा अख्खा थवा उठला.

त्यानंतर मात्र ती थांबेना. उन्हं वर येईपर्यंत हाकांचा पाठ झाला होता. "हाऽऽ हुर्रऽऽ! मुलांनो, पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्याला काय म्हणतात?" मी मधून ओरडायचो, "परिवलन!" "हाऽऽ! आणि सूर्याभोवती फिरते, त्याला?" "परिभ्रमण!" वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा पदर पडला आणि तो पुन्हा घ्यायचं तिच्या ध्यानात आलं नाही. मला ते दिसत होतं, बाबांना दिसत नव्हतं, आणि त्या सकाळी ती मला इतकी देखणी दिसली की मी परिभ्रमणाच्या जागी परिवलन म्हणून गेलो. माळ्यावरून मला "चूक! खाली बसा!" असं ऐकावं लागलं. पलीकडच्या रानातले गंगाधरराव कामं सोडून बांधावर आले. त्यांनी बाबांना विचारलं, "सूनबाई कुनाला भांडायलीय हो?" बाबा म्हणाले, "सूर्याला. त्यो फिरत न्हाई म्हनायलीय."

ज्वारी वाळून पिवळी होईपर्यंत आमचे रविवार असे गेले. त्या वर्षी आमच्या रानात पाखरांनी फार काही खाल्लं नाही. बांधावर बसून हुरडा खाताना सुमनच्या घशातून आवाज खरखरत यायचा, तेव्हा बाबा मला म्हणायचे, "तिला गूळ दे." शेरा हळूहळू बदलत गेला. आधी "आवाजात सुधारणा", मग "कधी कधी पोचतो". कधी कधी! वर्गात उभं राहिलं की जुना हात मधूनच पुन्हा धरायचा. वार्षिक पाठाला तो धरील की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं, तिलाही नाही.

वार्षिक पाठाच्या दिवशी बाबा म्हणाले, "मला परभनीला डोळे दाखवायचेत." त्यांचे डोळे ठणठणीत होते. मी रजा टाकली आणि दोघं निघालो. पाठ जिथं होता त्या शाळेसमोर, रस्त्याच्या अलीकडं एक चहाची टपरी होती. वर्ग रस्त्याच्याच बाजूचा, खिडक्या उघड्या. मी खिडक्यांकडं तोंड करून बसलो. बाबा सवयीनं शाळेकडं पाठ करून बसले.

सुरुवातीला तिचा आवाज आला, पण तुटक. रस्त्यावरून ट्रक गेला की बुडायचा, पुन्हा वर यायचा. "स्वतःभोवती" एवढंच ऐकू आलं, पुढचं गेलं. बाबांनी बशी हातात धरली होती आणि त्यातला चहा गार होत होता. तेवढ्यात वर्गातून मोठ्यानं आलं, "हाऽऽ हाऽऽ हुर्रऽऽ!"

वर्ग खदखदून हसला. नंतर तिनं सांगितलं की आढ्यावरच्या घरट्यातल्या दोन चिमण्या भांडत भांडत थेट तिच्या तक्त्यावर येऊन बसल्या आणि तिला काही कळायच्या आत हाक निघून गेली. परीक्षक मागच्या बाकावर, पोरं हसतायत, आणि आत सगळं गप्प. आम्हाला बाहेर नुसती ती शांतता ऐकू येत होती. बाबांची मान खाली गेली. आता ती रडत बाहेर येईल असं मला वाटलं, खरंच वाटलं.

आणि मग आवाज आला. अख्ख्या रानावरून यायचा तसा. "उडाल्या ना चिमण्या? आता सांगा, चिमणीच्या घरी घड्याळ असतं का?"

"न्हाई बाई!"

"मग सकाळ झाली हे तिला कोण सांगतं?"

पुढचा सगळा पाठ आम्ही रस्त्यापलीकडून ऐकला. दिवस कसा होतो, रात्र कशी होते, आपण फिरतोय हे आपल्याला का कळत नाही. दोन गिऱ्हाइकं चहा संपला तरी बसून राहिली. घंटा झाली तेव्हा बाबांनी गार चहा एका घोटात संपवला आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "आलं ऐकू."

उन्हाळ्यात निकाल लागला, ती चांगल्या गुणांनी पास झाली, तिला नोकरी लागली, तिनं हायस्कुलात जन्म काढला. आता ती निवृत्त आहे आणि मी तिच्या पुढच्याच बाकावर असलो तरी मागच्या बाकासाठीच बोलते. शेजारी कुणाला आमच्या घरचं कालवण काय आहे ते विचारावं लागत नाही. बाबांनी तिची नोकरी बघितली, विद्यापीठाला नाव मिळालेलंही बघितलं. नाव मिळालं त्या जानेवारीत वस्तीत रात्रभर वाजत होतं. आयुष्यात हव्या असलेल्या दोन गोष्टी त्यांना मिळाल्या आणि त्यांची फार तक्रार राहिली नाही. पण हे सगळं नंतरचं. माझा तो हिवाळा अजून त्या टपरीपाशीच संपतो.

सुमन फाटकातून बाहेर आली. हातात तक्ते, चेहरा घामेजलेला. रस्त्यापलीकडं तिला बाबा दिसले आणि ती जागच्या जागी थांबली. आम्ही येणार असल्याचं तिला सांगितलंच नव्हतं. बाबा तिच्याकडं न बघता मला म्हणाले, "इचार तिला, च्या घेती का म्हनावं."

मी तिच्याकडं वळलो, तोंड उघडलं.

"घेते की, मामा!" रस्त्यापलीकडून ती म्हणाली. मला नाही, त्यांना. सायकलरिक्षावाल्यानं वळून बघितलं, टपरीतल्या माणसांनी वळून बघितलं. "साखर जास्ती सांगा!"

बाबा वळले. तिच्याकडं, समोरासमोर. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी घसा साफ केला आणि टपरीवाल्याला सांगितलं, "एक जास्ती साखरंचा."

टपरीवाला हातभर अंतरावर होता. तो कानाला हात लावून म्हणाला, "काय म्हनले, काका? जरा मोठ्यानं बोला."